जुन्या उपनगरात जुन्या वळणाचं घर: ते स्वस्त का आहे, हे आधी शोधा

‘ओटा, खेळती हवा, जमलं तर चार झाडं लावण्यापुरतं अंगण असलेलं घर हवंय. पण गावाबाहेरच्या नव्या प्रकल्पात नको. स्टेशन, शाळा, दवाखाना, भाजीबाजार पायी अंतरावर असलेल्या, रुळलेल्या वस्तीत हवं. आमच्या खिशाला परवडेल असं मिळेल का?’ हा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. त्याच्या पाठोपाठ ठरलेली दुसरी शंकाही येते: ‘एक घर पाहिलंय, आसपासच्या भावापेक्षा बरंच स्वस्त आहे. घ्यावं का?’

अशी घरं मिळतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वसई, पनवेल या पट्ट्यात टोलेजंग इमारतींच्या मधल्या गल्ल्यांमध्ये ती अजून उभी आहेत. पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्येही आहेत. मात्र कोणतंही घर विनाकारण स्वस्त नसतं. त्याच्या किमतीत जागा, बांधकाम आणि कागद या तीन गोष्टींचं मोल असतं, आणि भाव उतरतो तेव्हा यातलं काहीतरी दुबळं असतं. बांधकाम दुबळं असेल तर पैसे घालून सुधारता येतं. कागद दुबळे असतील तर वेळ लागतो, इतरांची संमती लागते आणि कधी कधी ते सुधारतच नाहीत. जागाच वाईट असेल, म्हणजे पुराच्या पट्ट्यात किंवा रस्तारुंदीत, तर तिथे तुमचा इलाज चालत नाही. म्हणून घर पसंत पडलं तरी ‘हे स्वस्त का आहे?’ या प्रश्नाचं उत्तर हाती आल्याशिवाय इसार देऊ नका. ते उत्तर कसं शोधायचं, ते या लेखात पाहू.

आधी ठरवा: नेमकं कोणतं घर?

‘जुन्या पद्धतीचं घर’ म्हणताना लोकांच्या मनात वेगवेगळी घरं असतात. प्रत्येकाचा खर्च आणि धोका वेगळा आहे.

- स्वतःच्या जागेवरचं बैठं घर किंवा छोटा बंगला. ओटा, माजघर, कौलारू छप्पर, परसदारी विहीर असं हे घर. इथे जमीन तुमची होते, म्हणून किंमत मुख्यतः जमिनीची असते. वारसांचे आणि हद्दीचे वाद सर्वांत जास्त याच प्रकारात निघतात.
- जुन्या सोसायटीतला फ्लॅट. तीन-चार मजली, बिनलिफ्टची, गॅलऱ्यांची इमारत. शहाबादी फरशी, मोठ्या खिडक्या, जाड भिंती. मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातला हाच सर्वांत सोपा पर्याय. वरच्या मजल्यावरचं घर बहुधा स्वस्त मिळतं. घरात ज्येष्ठ माणसं असतील तर जिन्यांचा विचार आधी करा.
- भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची रो-हाऊस आणि बंगले. नवी मुंबईत सिडकोची, डोंबिवलीच्या निवासी विभागात एमआयडीसीची जमीन अशी असते. बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखली. छोट्या चौकाभोवती घरं, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नसल्यानं प्रत्येकाला सोयीनं घर वाढवण्याची मुभा, अशी तिची रचना होती. अशा घरांत जमीन पट्टेदारीची असते. हस्तांतरासाठी त्या संस्थेची परवानगी आणि शुल्क लागतं. पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत आणि हे शुल्क कोण भरणार, हे सुरुवातीलाच विचारा.
- पागडीचं घर किंवा चाळीतली खोली. यात तुम्हाला मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ या हक्काला संरक्षण देतो. पण हस्तांतराला घरमालकाची संमती लागते, तो त्यात आपला वाटा मागतो आणि बँका अशा घराला सहसा कर्ज देत नाहीत. रोख रकमेची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

खिशाचा हिशेब: घराची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे

समजा, स्वतःच्या जागेवरचं बैठं घर ६० लाखांना ठरलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे इथे जास्तीत जास्त ४८ लाख. बाकीचं गणित असं:

- स्वतःचे: १२ लाख
- मुद्रांक शुल्क, ७ टक्के धरल्यास: ४ लाख २० हजार
- नोंदणी शुल्क: ३० हजार
- दलाली, १ टक्का धरल्यास: ६० हजार
- वकील, शोध अहवाल, अभियंता, जमीन मोजणी: समजा ५० हजार

म्हणजे दुरुस्तीला हात लावण्याआधीच १७ लाख ६० हजार रुपये तुमच्याकडे तयार हवेत. शिवाय मूल्य ठरवताना बँक स्वतःचं मूल्यांकन आणि करारातली किंमत यांतला कमी आकडा धरते. जुन्या बांधकामाचं मूल्यांकन पुष्कळदा कमी येतं आणि तेवढा फरक तुमच्या अंगावर पडतो. म्हणून घर शोधायला निघण्यापूर्वी बँकेत जाऊन दोन गोष्टी विचारा: तुम्हाला किती कर्ज मिळेल, आणि किती वर्षं जुन्या बांधकामाला ती बँक कर्ज देते.

खर्च कमी करणाऱ्या काही गोष्टी अनेकांना माहीत नसतात:

- खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते.
- मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारं मूल्य यांपैकी जास्त आकड्यावर लागतं. मात्र जुन्या बांधकामाला रेडी रेकनरमध्ये घसारा मिळतो. त्यासाठी भोगवटा दाखला किंवा जुनी घरपट्टीची पावती असा वयाचा पुरावा दस्ताला जोडा.
- केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये व्याज अनुदानाचा घटक आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही, अशांनी बँकेत पात्रता जरूर तपासावी.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर विक्रेत्याला द्यायच्या पैशांतून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची असते. विक्रेता परदेशस्थ असेल तर हा दर बराच जास्त असतो. तिथे सनदी लेखापालांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ‘थोडी रक्कम रोखीत द्या’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या. त्या रकमेचा पुरावा राहत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही आणि व्यवहार मोडला तर ती परत मिळत नाही. दस्तातली किंमत सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी दाखवली गेली तर फरकाची रक्कम तुमचंच उत्पन्न धरून तुमच्यावर कर लागू शकतो.

शोधायचं कुठे?

जुन्या घरांचे मालक बहुतेक वेळा ज्येष्ठ असतात. मुलं पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात. घराची जाहिरात करणं त्यांना नकोसं वाटतं, त्यामुळे संकेतस्थळांवर अशी घरं कमी दिसतात. त्यापेक्षा या वाटा उपयोगी पडतात:

- ज्या चार-पाच गल्ल्या पसंत आहेत, तिथे पायी फिरा. किराणा दुकानदार, इस्त्रीवाले, दूधवाले, मंडळाचे कार्यकर्ते यांच्याशी बोला. कोणतं घर बंद आहे, कोण विकायच्या विचारात आहे, हे त्यांना ठाऊक असतं.
- वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीचे सूचना फलक आणि स्थानिक वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती पाहा.
- दलालाची मदत घेतली तर दलाली किती, ती कधी द्यायची आणि दोन्ही बाजूंकडून घेणार का, हे लिहून घ्या.
- बँकांच्या लिलावातली घरं स्वस्त दिसतात. पण ती ‘जसं आहे तसं’ या अटीवर विकली जातात. बोली मंजूर होताच २५ टक्के आणि उरलेली रक्कम साधारण १५ दिवसांत भरावी लागते. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की केवळ कागदोपत्री, आणि जुनी थकबाकी कोणावर येणार, हे कळल्याशिवाय बोली लावू नका.

जागेची परीक्षा: जे बदलता येत नाही ते आधी

घराच्या आत शिरण्याआधी बाहेरचं पाहा.

पाणी साचणं. उल्हास नदीकाठच्या बदलापूर-कल्याण पट्ट्याने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला. जुलै २०१९ मध्ये बदलापूरच्या सखल भागांत पुन्हा घरांत पाणी शिरलं. ‘या दोन्ही वेळी इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ असं शेजाऱ्यांना थेट विचारा. ते बहुधा भिंतीवर हात ठेवून उंचीच दाखवतात. नदीजवळची जागा असेल तर पूररेषांचा नकाशा पालिकेत पाहा: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

रस्तारुंदी आणि आरक्षण. पालिकेच्या नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. बैठ्या घरांचं अंगण नियोजित रस्त्यात जाण्याचे प्रकार जुन्या वस्त्यांत सर्रास दिसतात. विक्रेत्याला याची कल्पना असते. तुम्हाला ती कागदावरूनच मिळते.

शेजारचे कारखाने. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले आणि आसपासच्या घरांचंही नुकसान झालं. निवासी विभाग शांत आणि हिरवा असला तरी कारखान्यांपासूनचं अंतर नकाशावर मोजा. रात्री उशिरा तिथे जाऊन वास येतो का, तेही पाहा.

पाणीपुरवठा आणि सांडपाणी. पाणी किती वाजता, किती वेळ, किती दाबानं येतं? पुरवठा पालिकेचा, एमआयडीसीचा की जीवन प्राधिकरणाचा? सांडपाणी वाहिनीला जोडलेलं आहे की अंगणात शौचटाकी आहे? टाकी विहिरीच्या जवळ असेल तर विहिरीचं पाणी तपासून घ्या.

घर एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि शक्य असेल तर भर पावसात पाहा.

बांधकाम पाहताना

कौलारू घर असेल तर वर पाहा. आढं मध्ये झुकलेलं असेल तर खालचा आधार खचला आहे. वासे आणि रिपा यांच्यावर काळे ओघळ दिसले तर तिथून पाणी गळतं. मग तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं, तिथे जा. लाकूड बहुधा तिथूनच कुजायला लागतं, कारण भिंतीची ओल तिथे मुरते आणि वारा पोहोचत नाही. मालकांची परवानगी घेऊन स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून पाहा. ते लाकडात सहज रुतलं, किंवा भुसा आणि मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी किंवा कूज आहे. मधली तुळई ठणठणीत असली तरी टोक गेलं असेल तर ती बदलावीच लागते. कौलं बदलण्याचा खर्च मर्यादित असतो. तुळया आणि वासे बदलायचे म्हणजे छप्पर उतरवावं लागतं.

आरसीसी इमारत असेल तर छताकडे पाहा. तपकिरी डाग आणि रेषेत गेलेल्या भेगा म्हणजे आतली सळई गंजते आहे. गिलाव्यावर बोटांच्या पेरांनी ठोका. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिसला तर तिथे का, ते विचारा. गच्ची, पाण्याची टाकी आणि संडास-न्हाणीघराखालचं छत आवर्जून पाहा. वरच्या मजल्यावरच्या घराची तपासणी गच्चीवरूनच सुरू करा.

याशिवाय:

- जोत्यापासून किती उंचीपर्यंत ओल चढली आहे?
- वायरिंग किती जुनं आहे, अर्थिंग आहे का?
- वीज आणि पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर आहे, थकबाकी आहे का?
- अंगणातल्या आंबा-फणसाची मुळं जोत्याखाली गेली आहेत का? शहरी भागात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे घर घेतानाच लक्षात ठेवा.

सोसायटीत असाल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा तपासणी व्हायला हवी. अहवालच नसेल तर मासिक वर्गणी कमी असल्याचा आनंद मानू नका. दुरुस्ती पुढे ढकलली गेली आहे आणि तिचं बिल तुम्हाला येणार आहे. पालिकेने इमारत धोकादायक म्हणून जाहीर केली आहे का, हे प्रभाग कार्यालयात विचारा. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत जुनी इमारत कोसळून माणसं गेली. याबाबतीत ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

घर मनात भरलं की नोंदणीकृत संरचना अभियंत्याला सोबत घेऊन एकदा जा आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. जुन्या घरात एक भिंत उघडली की दुसरं काम निघतं, म्हणून त्या अंदाजावर किमान पाव रक्कम जास्त धरा. तोच लेखी अंदाज भाव करताना तुमच्या हातात असतो.

कागद: घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड हे वास्तव्याचे पुरावे आहेत, मालकीचे नाहीत. नोटरीकडे केलेला करार आणि कुलमुखत्यारपत्र यांनी घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘सगळ्या गल्लीत असंच चालतं’ हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही.

बैठ्या घरासाठी हे मागा:

1. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि आधीच्या सगळ्या फेरफार नोंदी. ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ, बँकेचा बोजा किंवा विक्रीवरचं बंधन लिहिलेलं असतं. तो रकाना ओळीनं वाचा.
2. जमिनीचा प्रकार. ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. जमीन मूळची आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेलं हस्तांतर रद्द होऊ शकतं. बदलापूर, कर्जत, पनवेल, वसई पट्ट्यात हे तपासणं फार महत्त्वाचं आहे.
3. बिनशेती परवानगी. गावठाणातलं घर असेल तर ते गावठाण हद्दीतच आहे याचा पुरावा.
4. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला. घर गुंठेवारीतलं असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचं प्रमाणपत्र.
5. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत. कुंपण आणि नकाशा जुळतात का, आणि घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो, हे त्यातून कळतं.
6. आधीची सगळी खरेदीखतं, आणि वकिलांनी केलेला ३० वर्षांचा शोध अहवाल.

सोसायटीतल्या फ्लॅटसाठी: पहिल्या खरेदीपासूनच्या नोंदणीकृत करारांची साखळी, भाग प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, भोगवटा दाखला, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का याचा कागद. हे अभिहस्तांतरण झालं नसेल तर १९६३ च्या मोफा कायद्यानुसार सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. मात्र ते होईपर्यंत जमिनीवर सोसायटीचा हक्क लागत नाही.

परवानगीचे कागद विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर तपासू नका. पालिकेच्या कार्यालयातूनच खात्री करून घ्या. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्यांच्या जोरावर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर पाडकामाची टांगती तलवार आली. त्या लोकांकडेही शिक्क्यांचे कागद होते.

बँकेचे वकील कागद पाहतात, म्हणून आपला वकील नको, असं समजू नका. बँकेचा वकील बँकेचं हित पाहतो. स्वतःचा वकील नेमा, आणि तो विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा.

सगळ्या वारसांच्या सह्या

जुनं घर स्वस्त मिळण्यामागे वारसांचा न सुटलेला प्रश्न असणं हे फार नेहमीचं कारण आहे. वडिलांच्या नावावर घर, वडील गेले, आणि आता धाकटा मुलगा विकायला निघाला आहे. अशा वेळी हे लक्षात ठेवा:

- वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवंच. ‘ताईंचं काही म्हणणं नाही’ हे तोंडी आश्वासन चालणार नाही.
- सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती एकटी घर विकत असेल तर बाकीच्या वारसांची लेखी संमती मागा.
- एका भावाचा अविभक्त हिस्सा विकत घेऊ नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात त्रयस्थ खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. तुमच्या वाट्याला घर न येता वाटपाचा दावा येईल.
- वारसांमध्ये अज्ञान मूल असेल तर न्यायालयाची परवानगी लागू शकते. वकिलांना आधी विचारा.
- एखाद्या खोलीत भाडेकरू असेल तर तो ‘निघून जाईल’ या भरवशावर व्यवहार करू नका. घर रिकामं होऊन ताबा मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

कागद नीट असले तरी वकिलांमार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. कोणाचा दावा असेल तर तो पैसे देण्याआधी समोर आलेला बरा.

इसार देताना

भाव ठरला की विक्रेता घाई करतो. ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. तरीही इसार छोटा द्या, धनादेशाने किंवा बँकेतून द्या, आणि इसारपावतीत हे लिहून घ्या:

- पूर्ण किंमत, हप्ते आणि ताब्याची तारीख
- मालकी हक्कात दोष निघाला किंवा त्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर इसार पूर्ण परत करण्याची अट
- ताब्याच्या तारखेपर्यंतची घरपट्टी, पाणी, वीज आणि सोसायटीची थकबाकी विक्रेत्याने भरण्याची अट
- घरात काय काय राहणार: सागवानी दारं, झोपाळ्याच्या कड्या, पंप, टाकी. जुन्या घरांत याच वस्तू ताब्याच्या आदल्या दिवशी जातात.

करारावर सह्या झाल्यावर ४ महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा असतो. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक २ ची प्रत घ्या. मग मिळकत पत्रिका किंवा सातबारा, घरपट्टी, पाणी आणि वीज या सगळीकडे आपलं नाव लावून घ्या. हे काम मागे टाकू नका. पुढे घर विकताना किंवा कर्ज घेताना हाच कागद आडवा येतो.

सोसायटीत तुमचे हक्क

- हस्तांतर अधिमूल्य म्हणून सोसायटी जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेऊ शकते. इमारत निधी, देणगी, विकास निधी अशा नावांनी जास्त रक्कम मागणं नियमबाह्य आहे.
- आदर्श उपविधीनुसार हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची सक्ती नाही. बँक तो मागते तेव्हा अर्ज करून घ्यावा लागतो, एवढंच.
- सभासदत्वाच्या पूर्ण अर्जावर सोसायटीने ३ महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. अर्जाची पोच घेऊन ठेवा.
- सोसायटी अडवत असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा.

पुनर्विकासाचा मुद्दा इथे नीट समजून घ्या. २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने सोसायटी पुनर्विकासाला जाऊ शकते. त्यामुळे विक्रेता ‘दोन वर्षांत नवीन मोठं घर मिळेल’ असं सांगून वाढीव भाव मागतो. त्या आशेचे पैसे देऊ नका. मागच्या ३ वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. प्रस्ताव खरोखर कुठवर आला आहे ते त्यांत दिसेल. आणि तुम्हाला हवेशीर जुनं घरच हवं असेल, तर बहुमत पुनर्विकासाच्या बाजूचं असलेली सोसायटी तुमच्यासाठी नाही. ते घर तुम्ही घेऊनही टिकणार नाही.

कुठे थांबायचं

काही उणिवांवर भाव कमी करून घेता येतो, तर काहींवर उठून यावं लागतं. हा फरक आधीच ठरवून ठेवलात तर मोहाच्या क्षणी चूक होत नाही.

भाव कमी करून घ्या: गळकं छप्पर, वाळवी लागलेले वासे, जुनं वायरिंग, ओल, लिफ्ट नसणं, विक्रेत्याची घरपट्टी थकलेली असणं.

वेळ आणि अटी घालून पुढे जा: वारसांचं हक्कसोडपत्र बाकी असणं, मोजणी न झालेली असणं, पट्टा देणाऱ्या संस्थेची परवानगी बाकी असणं, अभिहस्तांतरण बाकी असणं. हे पूर्ण झाल्यावर पैसे, असं करारात लिहा. फ्लॅटचं अभिहस्तांतरण मात्र एकट्या विक्रेत्याच्या हातात नसतं. तिथे भावच त्या हिशेबानं ठरवा.

सोडून द्या: निळ्या पूररेषेतली जागा, नियोजित रस्त्यात अर्धं जाणारं घर, फक्त नोटरी केलेल्या करारावरची मिळकत, परवानगीशिवाय विकलेली आदिवासी जमीन, न्यायालयात दावा चालू असलेलं घर, पालिकेने धोकादायक ठरवलेली इमारत, आणि कागद दाखवायला टाळाटाळ करणारा विक्रेता.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी बँक, मग वस्ती, मग जागा, मग अभियंता, मग वकील आणि सर्वांत शेवटी इसार. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो: घर आवडतं, इसार दिला जातो आणि मग वकील शोधला जातो. तोवर भाव करण्याची आणि मागे फिरण्याची ताकद निघून गेलेली असते.

जुन्या वस्तीतली ओळखीची माणसं, झाडांची सावली, शाळेचं पायी अंतर या गोष्टी पैशांत मोजता येत नाहीत. त्या सामान्य कमाईच्या कुटुंबांनाही मिळायला हव्यात, असं मनापासून वाटतं. त्यासाठी नशीब लागत नाही. दोन-तीन महिन्यांचा धीर, शुल्क घेऊन नीट काम करणारा वकील आणि अभियंता, आणि आवडलेल्या घरालाही ‘नाही’ म्हणण्याची तयारी लागते. घर स्वस्त असण्याचं कारण कळलं, ते पैशांनी सुधारण्यासारखं निघालं आणि कागद स्वच्छ निघाले, की मग बेलाशक पुढे व्हा. जुन्या उपनगरात अशी घरं आहेत, आणि ती राहत्या माणसांच्या हाती जाणं त्या वस्तीच्याही भल्याचं आहे.